लोणी आणि इस्त्री

सासऱ्यांच्या हातून तापलेली इस्त्री निसटली आणि जावयाने ती झेलली.

दुसरा कोणीही असता तर दोन पावलं मागे सरकला असता. शहाण्या माणसाने तेच करायचं असतं. पण जावई पडला गोलकीपर, आणि तोही हौसेचा नव्हे, पोटापाण्याचा. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या गोलमध्ये पंधरा-सोळा हंगाम उभा राहून त्याने संसार चालवला होता. अशा माणसासमोर एखादी वस्तू पडायला लागली की डोक्याला पत्ता लागायच्या आत हात पुढे झालेले असतात. आजवर घरात त्याने पडते कप झेलले होते, औषधाच्या बाटल्या झेलल्या होत्या, आणि एकदा शेजारणीचं मांजरही झेललं होतं. ते बिचारं आपल्या मर्जीने कपाटावरून उडी मारत होतं, त्यामुळे झेलल्याबद्दल त्याने या माणसाला ओरबाडून काढलं. तर इस्त्री कशी सुटणार? त्याने ती दोन्ही हातांनी पकडली आणि लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे थेट छातीशी कवटाळली.

"सोडा! अहो जावईबापू, सोडा!" सासरे ओरडले.

पण झेललेली वस्तू गोलकीपर टाकत नाही. त्याने ती व्यवस्थित टेबलावर ठेवली, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं आणि मग बोंब ठोकली.

बायको ओल्या केसांनी धावत बाहेर आली. "काय झालं?"

"इस्त्री पडली," सासरे म्हणाले.

"कुठे पडली?"

"पडली नाही. यांनी पकडली."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे भाजलेल्या हातांचं काय करायचं ते तिला विचारावं लागलं नाही. तिने नवऱ्याला तसंच धरून नळाखाली उभं केलं. छाती वाचली होती, कारण अंगात क्लबचं जाड जॅकेट होतं. जॅकेटवरचं क्लबचं चिन्ह मात्र वितळून गेलं होतं आणि तिथे एक काळपट भोक उरलं होतं. सासरे आपल्या अनवाणी पायांकडे बघत टेबलाला धरून उभे होते. इस्त्री जुनी होती, वजनदार होती, आणि झेलली नसती तर ती बरोबर त्यांच्या उजव्या पायावर आली असती. हे त्यांना कळलं होतं. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. पण वर्षभरापासून हात थरथरायला लागले होते, आणि आज जावयाचा कोट मीच इस्त्री करणार म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता.

कोटाचंही कारण होतं. आज जावयाची शेवटची मॅच होती. चार वाजता सामना, त्यानंतर निरोपाचा समारंभ, त्यासाठी कोट.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या गोलकीपरला सगळं गाव लोणी म्हणायचं. फार वर्षांपूर्वी, त्याच्या ऐन उमेदीत, क्लब एकदाच एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. तिथे शेवटच्या काही मिनिटांत एक चेंडू त्याच्याकडे आला. तो जोरात आला असता तर आज ही कथा नसती. तो अगदी सावकाश, रस्ता विचारत विचारत आल्यासारखा आला, त्याच्या हातात शिरला, हातातून निसटला, दोन पायांच्या मधून गेला आणि गोलरेषा ओलांडून थांबला. बस. तेव्हापासून तो लोणी. त्याच्या आधी आणि नंतर त्याने शेकड्याने गोल अडवले, हवेत झेपावून अडवले, बोटाच्या टोकाने अडवले, एकदा नाकाने अडवला. पण अडवलेले गोल कुठे लिहिलेले नसतात. पुढे खेळणारा माणूस दहा संधी घालवून एक गोल मारतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपर दहा अडवतो, एक सोडतो, आणि लोकांना तो एकच आठवतो. चेंडू त्याच्याजवळ आला की प्रेक्षकांतून "लो...णी!" अशी लांबलचक हाक यायची. दात दाखवायला गेला तर दाताचा डॉक्टरही आधी हसायचा.

घरात तो शब्दच बंद होता. वाणसामान सांगताना सुद्धा बायको "ते पिवळं संपलंय" असं म्हणायची.

तर या माणसाचं शेवटच्या दिवशी एकच मागणं होतं. आज हातून चेंडू सुटू नये. हरलो तरी चालेल. तसाही या सामन्याच्या निकालाला काडीचा अर्थ नव्हता, दोन्ही संघांचा हंगाम कधीच संपल्यात जमा होता. पण घरी जाताना लोकांच्या डोक्यात दुसरं काहीतरी असावं, एवढंच त्याला हवं होतं.

"हॉस्पिटलमध्ये चल," बायको म्हणाली.

"मॅचनंतर."

"अरे, फोड यायला लागलेत! डॉक्टर तुला खेळू देणार नाहीत."

"म्हणून तर मॅचनंतर."

"कोचला फोन तरी कर."

"कोच काय म्हणतो माहीत आहे ना? ज्याला दुखतंय तो बेंचवर. मग तो शेवटचा दिवस असो नाहीतर पहिला." त्याचा आवाज बारीक झाला. "मला बेंचवरून घरी यायचं नाहीये गं."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. लग्नाआधीपासून ती या हातांना ओळखत होती. क्लबमध्ये त्या हातांना तळहाताच्या फोडासारखं जपायचे, आणि आता त्यांच्यावर खरंच फोड आले होते. ती मलम आणायला गेली. मलमाची मोठी डबी उघडून तिने दोन्ही तळव्यांवर जाड थर दिला. पांढरट पिवळं, गुळगुळीत मलम.

"हे तर अगदी लोण्..." सासरे म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

बायकोने वर जाळीची पट्टी बांधली, त्यावर बँडेज गुंडाळलं, आणि तेव्हा लक्षात आलं की ग्लोव्ह्ज हातात जात नाहीत. एक जाईना, दुसरा जाईना. ओढून पाहिलं तर गोलकीपरच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आणा इकडे," सासरे म्हणाले. इतका वेळ ते भिंतीशी उभे होते. आता त्यांना एकदम काम सापडलं. "मी एवढाल्या पोटांची माणसं अडीच मापं लहान कोटात बसवली आहेत. हे काय घेऊन बसलात?"

त्यांनी चष्मा चढवला, पेटीतून कात्री काढली आणि दोन्ही ग्लोव्ह्जच्या कडा उसवल्या. जुन्या रेनकोटाचं कापड कापून मध्ये पट्ट्या घातल्या. आश्चर्य म्हणजे सुई हातात आली की त्यांची थरथर थांबायची. इस्त्री धरताना, चहाचा कप धरताना, पेपर धरताना हात हलायचा. सुई धरली की स्थिर. ग्लोव्ह्ज चढले, पण मनगटावरचा पट्टा बँडेजवर पुरेना. मग त्यांनी पट्टा तिथल्या तिथेच, हात आत असतानाच, शिवून टाकला. दुहेरी दोऱ्याने.

"आता?" गोलकीपरने दोन्ही हात पुढे धरून विचारलं.

"आता निघणार नाहीत."

"काढायचे कसे?"

"घरी आल्यावर उसवीन की. पाच मिनिटांचं काम."

"आणि मध्ये काही... लागलं तर?"

सासऱ्यांनी विचार केला. "पाणी कमी प्या," ते म्हणाले.

अशा रीतीने क्लबचा सर्वांत जुना खेळाडू आपल्या शेवटच्या सामन्याला घरातूनच ग्लोव्ह्ज घालून निघाला. बायकोने गाडी चालवली. मागच्या सीटवर सासरे मांडीवर कोट घेऊन बसले होते. कोटाची उजवी बाही कडक होती, डावी चुरगळलेली. ते आज पहिल्यांदा मैदानावर येत होते. बावीस माणसं पळतात आणि आपला जावई नुसता उभा असतो, हे त्यांना कधी पटलं नव्हतं. आज मात्र ते स्वतः होऊन गाडीत बसले.

मैदानाच्या मागच्या दारापाशीच क्लबचे अध्यक्ष उभे होते. हातात फुलांचा गुच्छ होता आणि चेहऱ्यावर समारंभाचं हसू होतं. त्यांनी तोंड भरून "या या" म्हटलं आणि मग त्यांची नजर जॅकेटवर गेली.

"आपलं चिन्ह कुठे गेलं?"

गोलकीपरने खाली पाहिलं. गडबडीत तो तेच जॅकेट घालून आला होता. "जळलं," तो म्हणाला.

"जळलं? क्लबचं चिन्ह? नेमकं तेवढंच?"

"हो, म्हणजे... घरात. आपोआप."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. या माणसाचा करार वाढवायचा नाही, असं समितीने महिन्यापूर्वी ठरवलं होतं आणि ते सांगताना अध्यक्षांनी त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघितलं होतं. "हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तो निर्णय सगळ्यांचा होता. तुम्हाला वाईट वाटणार, मान्य. पण म्हणून चिन्ह जाळायचं? सोळा वर्षांचं नातं आहे आपलं. मिळवा हात!"

त्यांनी हात पुढे केला. गोलकीपरने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

नाइलाज होता. तिथे साधी फुंकर घातली तरी जीव कळवळत होता, आणि अध्यक्षांची हात मिळवायची पद्धत म्हणजे पंपाने पाणी काढल्यासारखी. पण अध्यक्षांना हे कुठून कळणार? ते गुच्छ तसाच घेऊन तडक कोचच्या खोलीत गेले. "तुमचा लोणी पेटलाय," ते म्हणाले. "क्लबचं चिन्ह जाळून आलाय. माझा हात नाकारला. आज हा मुद्दाम गोल सोडणार, लिहून ठेवा."

कपडे बदलायच्या खोलीत बातमी वाऱ्यासारखी पसरली. जो तो त्याच्यापासून हातभर लांब बसला. त्याला बुटांच्या नाड्या बांधता येईनात, तेव्हा कॅप्टन गुडघ्यावर बसला आणि मुकाट्याने नाड्या बांधून दिल्या. मोठ्या माणसाचा राग असा शांत असतो, असं काहीसं तो पुटपुटला. एवढ्यात कोच आला. कोच म्हणजे कडक माणूस. स्वतःच्या मुलीच्या लग्नात सुद्धा तो शिट्टी गळ्यात घालून उभा होता.

"चिन्ह जाळलंस?"

"अपघात झाला, कोच. मला कोणाचाही राग नाहीये."

"मग हात मिळव."

"ग्लोव्ह्ज घातलेत."

"काढ ते."

"निघत नाहीत."

"निघत नाहीत म्हणजे काय?"

गोलकीपर गांगरला. खरं सांगावं तर बेंच. खोटं बोलायची सवय नाही. "म्हणजे... काढवत नाहीत," तो म्हणाला. "शेवटचा दिवस आहे ना. सकाळपासून घातलेत. काढायला मन होत नाही."

हे खोटं होतं, निदान त्या वेळेपुरतं तरी. पण कोचचा चेहरा बघता बघता बदलला. त्याने छताकडे बघत नाक जोरात ओढलं आणि तो म्हणाला, "राहू दे. घालून ठेव." आणि जाताना त्याने गोलकीपरच्या पाठीवर अशी थाप मारली की ती नेमकी तळव्यांत जाऊन पोहोचली.

सामना सुरू झाला. चेंडू पकडायचा नाही, हे गोलकीपरने मनाशी ठरवलं होतं. येईल तो चेंडू पायाने मारायचा, नाहीतर मूठ वळून बुक्कीने उडवायचा. मूठ वळली की डोळ्यांपुढे काजवे चमकत, पण चेंडू लांब जाई. एक चेंडू त्याने छातीने अडवला, एक गुडघ्याने, एक चक्क पाठीने. मैदानाच्या कडेला कोच खूश होऊन म्हणाला, "बघा, शेवटच्या दिवशी नवीन शैली!" अध्यक्ष म्हणाले, "हात लावत नाहीये. मी सांगितलं होतं." प्रेक्षकांतून अधूनमधून ती हाक येत होतीच. "लो...णी!" आज त्यात थोडी माया होती, पण हाक तीच होती.

चौथ्या रांगेत बायको ओढणीचं टोक चावत बसली होती. शेजारी सासरे ताठ बसून जावयाच्या फक्त मनगटांकडे बघत होते. "टाका धरलाय," ते दर थोड्या वेळाने सांगत. "बघ, अजून धरलाय."

शून्य-शून्य अशा बरोबरीत सामना संपत आला. चार-दोन मिनिटं उरली असतील. समोरच्या एका खेळाडूने लांबून एक फटका मारला, तो कोणाच्या तरी डोक्याला लागून वर उडाला आणि गोलच्या दिशेने सावकाश खाली यायला लागला. त्यात ना जोर, ना फिरकी. गोलकीपरने वर पाहिलं आणि त्याने तो ओळखला. हाच तो चेंडू. इतक्या वर्षांनी परत आला होता.

बुक्की मारता आली असती. त्याने मारली नाही. एवढा सोपा चेंडू बुक्कीने उडवून घरी गेलो तर जन्मभर आपल्यालाच तोंड दाखवता येणार नाही, असं त्याला वाटलं. तो दोन पावलं पुढे आला, त्याने दोन्ही हात वर नेले, चेंडू तळव्यांत घेतला आणि छातीशी ओढून त्याच्यासकट जमिनीवर आडवा झाला.

कळ अशी आली की सगळं मैदान पांढरं झालं. पण चेंडू सुटला नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून. कोणी ती हाक मारली नाही. लोक उभे राहिले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी एवढ्या टाळ्या ऐकल्या. तो उठून उभा राहिला, चेंडू छातीशी तसाच.

"मार पुढे!" कॅप्टन ओरडला.

त्याने मारला नाही.

"अरे मार ना! वेळ मोजतोय तो!"

गोलकीपरला चेंडू हातात काही सेकंदच ठेवता येतो. त्याहून जास्त ठेवला तर रेफरी शिट्टी वाजवतो आणि समोरच्या संघाला तिथेच, गोलच्या तोंडाशी, फटका मारायला देतो. हे पोरांनाही ठाऊक असतं, आणि याने तर त्यावर पोट भरलं होतं. रेफरीने हात वर करून बोटं दाखवायला सुरुवात केली. कोच शिट्टी वाजवत होता, बायको काहीतरी ओरडत होती. प्रेक्षकांतून कोणीतरी कळवळून ओरडलं, "सोड की आता!" आणि मग सगळे तेच ओरडायला लागले. ज्या लोकांनी त्याला चेंडू सोडला म्हणून इतकी वर्षं छळलं, ते सगळे एका सुरात त्याला सोड म्हणून विनवत होते.

त्याने सोडला नाही. रेफरीने शिट्टी वाजवली.

त्यानंतरही त्याने सोडला नाही. रेफरी जवळ आला, दोन हातांनी चेंडू धरून ओढायला लागला. "द्या साहेब," तो हळूच म्हणाला. "झालं आता. द्या." तेव्हा कुठे चेंडू सुटला.

सगळा संघ गोलरेषेवर उभा राहिला. समोरच्या एकाने नियमाप्रमाणे चेंडूला नुसता पाय लावला, दुसऱ्याने मारला, तो कॅप्टनच्या ढोपराला लागून कोपऱ्यातून आत गेला. एक-शून्य. लगेच शेवटची शिट्टी झाली. प्रेक्षकांना काय ओरडावं तेच कळेना. लोणी म्हणावं तर हातून काही निसटलेलं नव्हतं.

"बघितलंत?" अध्यक्ष म्हणाले. "सूड घेतला."

फिजिओच्या खोलीत ग्लोव्ह्ज काढायचा प्रश्न आला. फिजिओने मोठी कात्री घेतली, तेवढ्यात सासरे कोट सावरत दारातून आत घुसले. "कापू नका! उसवायचे आहेत ते." त्यांनी खिशातून लहान कात्री काढली आणि एकेक टाका उसवायला घेतला. ग्लोव्ह्ज निघाले, बँडेज निघालं, आणि हात दिसले. कोचने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. अध्यक्ष गुच्छ घेऊन पुढे आले. हात धरायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी गोलकीपरचं कोपर धरलं आणि बराच वेळ हलवत राहिले.

मग सगळा उलगडा झाला, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या परीने केला. पट्ट्या, मलम, शिवलेले ग्लोव्ह्ज: बिचाऱ्याची बोटं आत अडकली, त्याला चेंडू सोडता येईना. समारंभात अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून तेच सांगितलं. "भाजलेल्या हातांनी खेळला! शिवलेल्या ग्लोव्ह्जमुळे चेंडू सुटला नाही, नाहीतर आज गोल झालाच नसता!" लोक पुन्हा उभे राहिले. एक बाही कडक आणि एक चुरगळलेली असा कोट घालून गोलकीपर मान खाली घालून उभा होता. सासरे त्या डाव्या बाहीकडे बघत होते, आणि ध्वनिक्षेपकावर ग्लोव्ह्जचं नाव निघेल तसे खुर्चीत खाली खाली जात होते.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सासरे जेवले नाहीत. टेबलापाशी पेटी उघडून बसले, रिळं बाहेर काढायची आणि परत आत ठेवायची, एवढंच चाललं होतं.

"बाबा, दोन घास खा," बायको म्हणाली.

"आधी इस्त्री पाडली," सासरे म्हणाले, "मग टाके घातले. दोन्ही वेळा मीच. या माणसाची शेवटची मॅच मी घालवली." त्यांनी हातातलं रीळ पेटीत टाकलं. "दुहेरी दोरा कशाला घातला मी? एकेरी पुरला असता."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवीन बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून तो खोलीच्या मधोमध खुर्चीच्या टोकाला बसला होता. खरं सांगितलं तर आजच्या सगळ्या टाळ्या परत कराव्या लागणार होत्या. तो उठून उभा राहिला.

"बाबा, टाक्यांनी काही झालं नाही," तो म्हणाला. "बोटं चांगली उघडत होती. कळ येत होती, पण उघडत होती."

"मग?"

"मग काय. मलाच सोडवेना."

बायको हळूच खाली बसली.

"पुढे मारला असता की शेवटची शिट्टी झाली असती," तो म्हणाला. "परत कोणी माझ्याकडे चेंडू मारणार नव्हतं. मला नियम माहीत होता, रेफरी मोजत होता ते दिसत होतं. पण म्हटलं, अजून थोडा वेळ. एवढंच. अजून थोडा वेळ राहू दे हातात."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दुकान बंद करायचं ठरलं ना," ते म्हणाले, "तेव्हा शेवटच्या गिऱ्हाइकाचा कोट मी महिनाभर अडवून ठेवला होता. तो यायचा, मी म्हणायचो, उद्या या. कोट कधीच तयार होता. रात्री बटणं उसवायचो, सकाळी परत लावायचो. शेवटी तो भांडायला आला, तेव्हा दिला."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा," बायको म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" सासरे म्हणाले आणि त्यांनी पेटीचं झाकण लावायला हात उचलला. तो थरथरत होता. झाकणाचा धक्का लागला आणि टेबलाच्या कडेवरचं काळ्या दोऱ्याचं रीळ खाली पडलं.

तिघांनीही ते पाहिलं. बायकोने सवयीने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. ते हलले नाहीत. दोन्ही अंगालगत लोंबत होते.

रीळ जमिनीवर आपटलं आणि दोरा सोडत सावकाश त्याच्याकडे यायला लागलं. त्याने खाली मान घालून ते येताना पाहिलं. ते त्याच्या दोन पायांच्या मधून गेलं, मागच्या उंबऱ्याला लागलं आणि थांबलं.

कोणी ओरडलं नाही. त्याने तरीही थोडा वेळ वाट पाहिली. मग तो खाली बसला आणि बँडेजमध्ये तोंड लपवून रडायला लागला. सासरे कष्टाने उठले, पायांच्या मधून गेलेला दोरा उचलला आणि जावयाभोवती फिरत फिरत परत रिळावर गुंडाळायला लागले.